एमआरआयला प्रश्न विचारावा लागतो

जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यात आष्टी आहे. या गावातल्या एखाद्या पंचविशीतल्या तरुणाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर घरच्यांचा पुढचा प्रवास बहुतेक ठरलेला असतो. जवळच्या डॉक्टरांकडून आकडी थांबवायचं औषध, मग परतूर, मग जालना, आणि तिथंही उलगडा झाला नाही तर आणखी साठेक किलोमीटरवरचं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तिथलं घाटी हे सरकारी रुग्णालय किंवा एखादं खासगी रुग्णालय. या वाटेवर कुठंतरी हातात एक चिठ्ठी पडते आणि तिच्यावर बहुधा दोनच शब्द असतात: ‘एमआरआय ब्रेन’. एवढं लिहिलं की पुरे, असं आपण धरून चालतो. यंत्र इतकं महागडं आहे, तर मेंदूत जे काही असेल ते त्याला दिसणारच, असा आपला विश्वास असतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या विकृतींबाबत हा विश्वास अपुरा आहे, आणि त्याची किंमत मुंबई-पुण्याच्या माणसापेक्षा आष्टीच्या माणसाला जास्त मोजावी लागते, हे मला इथं मांडायचं आहे. एमआरआय मेंदूतल्या पाण्याला, वाहत्या रक्ताला आणि साचलेल्या लोहाला वेगवेगळे प्रश्न विचारतो. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर फिल्मवर उमटत नाही.

आधी या विकृती म्हणजे काय ते पाहू. विल्यम मॅककॉर्मिक या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी १९६६ साली त्यांचे चार प्रकार पाडले आणि ती विभागणी आजही पायाभूत मानली जाते. त्यांतला सर्वांत धोक्याचा प्रकार एव्हीएम, म्हणजे धमनी-नीला विकृती. एरवी हृदयाकडून जोरात आलेलं रक्त धमनीच्या बारीक फांद्यांतून केशिकांच्या जाळ्यात शिरतं, तिथं त्याचा जोर ओसरतो आणि मग ते पातळ भिंतींच्या नीलांमधून परत जातं. एव्हीएममध्ये हे मधलं केशिकांचं जाळंच नसतं. धरणाच्या कालव्याचं पाणी चारीत न वळवता थेट सरीत सोडलं तर वरंब्याचं जे होईल, ते इथं नीलेच्या भिंतीचं होतं. एवढा दाब सोसण्यासाठी ती घडलेलीच नसते. म्हणून अशा गुंत्यातून वर्षाला साधारण २ ते ४ टक्के रुग्णांत रक्तस्राव होतो, आणि तो बऱ्याचदा ऐन तारुण्यात, घरातल्या कमावत्या वयात होतो. दुसरा प्रकार कॅव्हर्नोमा. यात फुगीर, पातळ भिंतींच्या पोकळ्यांचा एक पुंजका असतो. रक्त त्यातून अगदी संथ सरकतं आणि थेंबाथेंबानं आजूबाजूला पाझरत राहतं. साधारण दोनशे माणसांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. तिसरा प्रकार नीलांच्या वेगळ्या रचनेचा, ज्याला डॉक्टर डीव्हीए म्हणतात. चौथा केशिकांच्या विस्ताराचा, म्हणजे कॅपिलरी टेलँजिएक्टेशिया. हे शेवटचे दोन बहुधा निरुपद्रवी असतात. ‘बहुधा’ हा शब्द पुढं महत्त्वाचा ठरणार आहे. या चार प्रकारांत रक्ताचा वेग वेगळा आणि साचणाऱ्या लोहाचं प्रमाणही वेगळं. म्हणून एकाच पद्धतीनं चौघांना पकडता येत नाही.

यंत्राकडे वळलं की हे नीट उमगतं. शरीरातल्या पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांची केंद्रकं सूक्ष्म चुंबकांप्रमाणे वागतात. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं. त्या क्षेत्रात ही केंद्रकं सेकंदाला जवळपास ६ कोटी ४० लाख वेळा गिरक्या घेतात. तेवढ्याच वारंवारतेची, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झची रेडिओलहर दिली की ती ऊर्जा घेतात आणि लहर थांबली की परत देतात. परत येणारा हा क्षीण संदेश टिपून चित्र तयार होतं. ३ टेस्लाच्या यंत्रात हीच वारंवारता १२८ मेगाहर्ट्झ होते. आपल्या एफएम रेडिओचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा या दोहोंच्या मधोमध येतो. बाहेरच्या अशा लहरींनी गोंधळ घालू नये म्हणून एमआरआयच्या खोलीला सहसा तांब्याचं अस्तर लावलेलं असतं. या संदेशांपासून चित्र कसं बनवायचं हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये दाखवलं, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते गणितानं आणि वेगानं व्यवहारात आणलं, आणि दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. भारतात हे तंत्र १९८६ च्या सुमारास दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत आलं.

आता यात वाहतं रक्त आणून पाहा. नेहमीच्या एका पद्धतीत लागोपाठ दोन रेडिओ ठोके दिले जातात आणि ज्या केंद्रकांना दोन्ही मिळाले त्यांचाच संदेश परत येतो. मेंदूचा ऊतक जागच्या जागी असतो, त्याला दोन्ही ठोके मिळतात. धमनीतलं वेगवान रक्त मात्र दुसरा ठोका पडेपर्यंत त्या कापातून पुढं निघून गेलेलं असतं. त्यामुळं तिथं काहीच उमटत नाही, काळी पोकळी राहते. एव्हीएमचा गुंता म्हणूनच करड्या मेंदूत वळवळणाऱ्या काळ्या दोऱ्यांसारखा दिसतो आणि तो ओळखायला रंगद्रव्याचं इंजेक्शनही लागत नाही. दुसऱ्या पद्धतीत याच गतीचा नेमका उलटा उपयोग होतो. एका कापावर इतक्या झपाट्यानं ठोके मारत राहायचं की तिथला स्थिर ऊतक थकून गप्प व्हावा. मग बाहेरून ताजं रक्त त्या कापात शिरलं की तेवढंच पांढरं चमकतं. याला टाइम ऑफ फ्लाइट अँजिओग्राफी म्हणतात. म्हणजे तेच रक्त, तोच माणूस, तेच यंत्र. एका प्रश्नाला उत्तर काळं येतं आणि दुसऱ्याला पांढरं. अहवाल वाचणारा डॉक्टर पांढऱ्या-काळ्यावर विसंबत नाही, कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर आलं हे तो पाहतो.

संथ वाहणाऱ्या कॅव्हर्नोमाला मात्र हे दोन्ही प्रश्न जवळपास लागू पडत नाहीत. त्याला पकडतं ते लोह. हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन असताना ते चुंबकाला किंचित दूर सारतं आणि ऑक्सिजन गेला की चुंबकाकडे ओढलं जातं, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवून दिलं होतं. एमआरआय तेव्हा कल्पनेतही नव्हता. रक्तवाहिनीतून बाहेर पडलेलं रक्त जसजसं जुनं होतं, तसतसं त्यातल्या लोहाचं चुंबकीय रूप पालटत जातं. काही दिवसांनी ते एका प्रकारच्या चित्रात पांढरं चमकू लागतं, आणि महिने उलटले की हिमोसिडेरिन या साठ्याच्या रूपात वर्षानुवर्षं तिथंच राहतं. हे हिमोसिडेरिन आजूबाजूच्या चुंबकीय क्षेत्रात बिघाड करतं आणि चित्रात स्वतःच्या आकाराहून मोठा काळा डाग पाडतं. कॅव्हर्नोमात वेगवेगळ्या वयांचं रक्त शेजारीशेजारी असतं. म्हणून मधोमध लाह्यांसारखा ठिपकेदार भाग आणि भोवती काळी कड असं त्याचं रूप दिसतं, आणि जाणकार ते सहसा चुकत नाही. हा बिघाड मुद्दाम टिपणारी पद्धत म्हणजे एसडब्ल्यूआय. युर्गन रायशनबाख आणि मार्क हाके यांच्या गटानं १९९७ मध्ये ती मांडली. साध्या चित्रात एकही डाग दिसत नाही अशा मेंदूत एसडब्ल्यूआयवर कधी पाच-दहा डाग सापडतात, आणि डाग अनेक असणं हे हा आजार घराण्यात असल्याची खूण असू शकते. त्यामागची तीन जनुकं आता ज्ञात आहेत.

माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत बोलका पुरावा इतिहासात आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी त्यांचं चित्र घेण्याचं तंत्र पोर्तुगालच्या एगास मोनीश यांनी १९२७ साली आणलं, आणि तेव्हापासून वाहिन्यांच्या बाबतीत अखेरचा शब्द त्याचाच मानला गेला. पण कॅव्हर्नोमात रक्त इतकं हळू सरकतं की रंगद्रव्य तिथं दिसण्याइतकं पोचतच नाही. त्यामुळं कित्येक दशकं या विकृतींना ‘अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या’ असं म्हटलं जाई आणि त्यांची ओळख शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात पटे. रिगामोंटी आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली एमआरआयच्या आधारे कॅव्हर्नोमा किती आढळतो आणि घराण्यात कसा चालतो हे मांडलं, तेव्हा दुर्मीळ समजला जाणारा आजार एकाएकी नेहमीचा ठरला. आजार वाढला नव्हता. त्याला साजेसा प्रश्न विचारता येऊ लागला होता. सर्वश्रेष्ठ मानलेली तपासणीही चुकीच्या प्रश्नापुढं आंधळी असते, याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

आता आष्टीकडे परत येऊ. फिट आलेल्या तरुणाच्या मेंदूत एसडब्ल्यूआयवर एक काळा ठिपका दिसला. अमेरिकेतल्या पुस्तकाप्रमाणे त्याला कॅव्हर्नोमा म्हणण्याचा मोह होईल. भारतात मात्र तिथंच थांबून विचार करावा लागतो. इथं फिट येण्यामागं मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आणि क्षयाची गाठ ही दोन मोठी कारणं आहेत. मांस न खाणाऱ्यालाही अस्वच्छ पाण्यातून किंवा भाजीपाल्यातून फीतकृमीची अंडी पोटात जाऊन हा आजार होतो. अळी मेली की तिच्याभोवती चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा खडा बनतो, आणि तोही एसडब्ल्यूआयवर काळाच दिसतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये मॅथ्यू चँडी आणि वेदांतम राजशेखर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिलं की भारतातल्या ज्या छोट्या एकट्या गाठींना सर्रास क्षयाच्या समजलं जाई, त्यांतल्या पुष्कळ खरं तर अळीच्या होत्या. म्हणजे एकाच ठिपक्यावर तीन आजारांचा दावा आहे आणि तिन्हींचे उपचार निराळे. फरक करता येतो: लोह क्षेत्राकडे ओढलं जातं, कॅल्शियम दूर सारलं जातं, आणि एसडब्ल्यूआयच्या ‘फेज’ चित्रात दोघांची छटा एकमेकांच्या विरुद्ध येते. तेवढ्यानं शंका फिटली नाही तर साधा सिटी स्कॅन काढावा. त्यात कॅल्शियम लख्ख पांढरं दिसतं. पण यातलं काही करायचं, तर फेज चित्र जपून ठेवलेलं हवं आणि वाचणाऱ्याला हा रुग्ण कुठल्या भागातला, त्याला काय झालं, किती दिवसांपूर्वी झालं, हे ठाऊक हवं. ‘एमआरआय ब्रेन’ या दोन शब्दांतून त्याला यातलं काहीच कळत नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो आणि तो रास्त आहे. सिटी स्कॅन स्वस्त आहे, पुष्कळ ठिकाणी आहे, काही मिनिटांत होतो. मग एमआरआयचा आग्रह कशाला? उत्तर असं की रुग्ण बेशुद्ध आहे, अचानक आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी उठली आहे, एक बाजू लुळी पडली आहे, अशा वेळी सिटीच आधी काढावा, यात दुमत नाही. ताजं रक्त त्यात तत्काळ दिसतं, आणि त्या क्षणी एमआरआयसाठी थांबणं जिवावर बेतू शकतं. पण रक्तस्राव का झाला हा प्रश्न त्यानंतरही उरतो. साठीतल्या, वर्षानुवर्षं रक्तदाब असलेल्या माणसाच्या मेंदूच्या खोल भागात रक्तस्राव झाला तर कारण बहुधा रक्तदाबच असतं. तिशीतल्या, रक्तदाब नसलेल्या माणसाच्या मेंदूच्या कडेच्या भागात तो झाला, तर वाहिन्यांची विकृती शोधलीच पाहिजे. कारण ती राहिली तर पुन्हा फुटेल. आणि ज्याला अजून रक्तस्राव झालाच नाही, फक्त फिट येतात किंवा हातापायात हळूहळू बधिरता येते, त्याच्या सिटीत छोटा कॅव्हर्नोमा सहज निसटतो. सिटी काढला, ‘नॉर्मल’ म्हणून सांगितलं, वर्षानं पुन्हा फिट आली, पुन्हा सिटी. असे तीन फेरे झाले की स्वस्त तपासणी महाग पडलेली असते. आष्टीहून जालन्याला जायचं म्हणजे तपासणीच्या पावतीशिवाय दोन माणसांचं भाडं आणि बुडालेली मजुरी, कापूस वेचणीच्या दिवसांत तर फारच.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आणि तज्ज्ञांचा आहे. अखेर मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी, म्हणजे डीएसए, करावीच लागते. मग मधल्या एमआरआयचं एवढं कौतुक का? एमआरआयच्या मर्यादा खऱ्या आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. ताज्या रक्ताच्या गोळ्यानं दाबून टाकलेला छोटा एव्हीएम पहिल्या एमआरआयत दिसत नाही. गोळा विरल्यावर, काही आठवड्यांनी, पुन्हा पाहावं लागतं. टाइम ऑफ फ्लाइटच्या चित्रात काही दिवसांचं जुनं रक्त स्वतःच पांढरं चमकून वाहत्या धमनीचं सोंग घेऊ शकतं. मेंदूच्या आवरणातल्या धमनी-नीला जोडणीत, ज्यात कधी कानात नाडीसारखा ठोका ऐकू येत राहतो, एमआरआय पूर्ण निर्दोष दिसूनही आजार असू शकतो. अशा रुग्णाला तक्रारीवर विश्वास ठेवून डीएसएकडे पाठवणंच योग्य. रक्त कुठल्या धमनीतून आलं आणि किती सेकंदांत कुठल्या नीलेत उतरलं, हे डीएसए जितकं बारीक दाखवते तितकं आज दुसरं काही दाखवत नाही. पण तिच्यात वाहिन्या दिसतात, मेंदू दिसत नाही. एव्हीएमची शस्त्रक्रिया किती जोखमीची हे ठरवायला स्पेट्झलर आणि मार्टिन यांनी १९८६ मध्ये दिलेली मोजपट्टी जगभर वापरतात. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: गुंता ३ सेंटीमीटरपेक्षा लहान, ३ ते ६ किंवा ६ पेक्षा मोठा, रक्त मेंदूच्या खोल नीलांत उतरतं का, आणि गुंता बोलणं, हालचाल, दृष्टी अशा महत्त्वाच्या भागाशी आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एमआरआयशिवाय देता येत नाही, पहिल्याला त्याचा मोठा हातभार लागतो. शिवाय आता एमआरआयत रक्तालाच चुंबकीय खूण करून ते कुठं पोचतं हे पाहणारी पद्धत आहे. धमनीतलं खूण केलेलं रक्त वेळेआधी नीलेत दिसलं तर मधली केशिकांची पायरी गळाली आहे हे कळतं. एसडब्ल्यूआयमध्येही एरवी काळी दिसणारी नीला पांढरी दिसली तर तिच्यात धमनीचं ऑक्सिजनयुक्त रक्त शिरलं असल्याचा इशारा मिळतो. रंगद्रव्याविना, नळीविना मिळालेला हा इशारा कुणाला डीएसएसाठी मुंबई-पुण्याला पाठवायचं आणि कुणाला नाही हे ठरवायला पुष्कळदा पुरेसा असतो. मराठवाड्यातल्या रुग्णासाठी हीच निवड सर्वांत मोलाची आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. इतकं बारीक पाहायला लागलो तर नको तेही सापडेल, आणि निरोगी माणूस उगाच रुग्ण होईल. हे घडतं. नीलांची वेगळी रचना, डीव्हीए, शंभरात दोन-तीन माणसांना असते. रंगद्रव्य दिल्यावर ती छत्रीच्या काड्यांसारख्या एका खोडाला मिळणाऱ्या बारीक नीलांच्या रूपात उठून दिसते. डोकेदुखीसाठी केलेल्या तपासणीत ती सापडली आणि घरी ‘मेंदूत शिरांची गाठ आहे’ असा निरोप गेला, तर अख्खं घर हादरतं, लग्न ठरत असलं तर मोडतंही. खरं तर ही नीला मेंदूच्या निरोगी भागाचं रक्त वाहून नेते. ती काढली किंवा बंद केली तर तो भाग मरू शकतो. तिच्याशेजारी कॅव्हर्नोमा असेल तर शस्त्रक्रियेत कॅव्हर्नोमा काढायचा आणि तिला हात लावायचा नाही, हा नियम आहे. म्हणजे तिची नोंद घेणं गरजेचं, तिची भीती घालणं चूक. एव्हीएमबाबतही न फुटलेल्या गुंत्याला हात लावावा की नाही यावर मोठा वाद आहे. ‘अरुबा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत न फुटलेल्या एव्हीएमच्या रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना त्याबरोबर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नळीतून उपचार असे दोन गट पाडले होते. २२३ रुग्णांचे निष्कर्ष २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. सरासरी ३३ महिन्यांत पक्षाघात किंवा मृत्यू औषधांच्या गटात १०.१ टक्के आणि उपचारांच्या गटात ३०.७ टक्के रुग्णांत झाला. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. ३३ महिने फार थोडे आहेत, पंचविशीतल्या माणसापुढं पन्नास वर्षांची जोखीम असते, आणि केवळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण त्यात कमी होते, ही शल्यविशारदांची टीका मला पटते. तरी सापडलं म्हणून लगेच कापलं हे धोरण त्या आकड्यांपुढं टिकत नाही.

कॅव्हर्नोमाबाबत आकडे अधिक उपयोगी आहेत आणि ते माझ्या मुद्द्याला बळ देतात. १६२० रुग्णांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात पाच वर्षांत रक्तस्राव होण्याची शक्यता काढली होती. कॅव्हर्नोमा मेंदूच्या देठात नाही आणि आधी रक्तस्राव झालेला नाही, तर ती ३.८ टक्के; देठात आहे आणि आधी रक्तस्राव झाला आहे, तर ३०.८ टक्के. एकाच नावाच्या आजारात आठ पटींचा फरक! आणि हा फरक ठरवणाऱ्या दोन्ही गोष्टी, जागा आणि पूर्वीचा रक्तस्राव, एमआरआयच सांगतो. रक्त किती जुनं हे मात्र लक्षणांच्या तारखेशी ताडून पाहावं लागतं. म्हणून जास्त सापडण्याच्या भीतीवर कमी पाहणं हा उपाय नाही. सापडलेल्याचा अर्थ सांगणारा अहवाल हवा. ‘कॅव्हर्नोमा, डाव्या कपाळाकडच्या भागात, ताज्या रक्तस्रावाचा पुरावा नाही, शेजारी डीव्हीए’ या एका ओळीनं घरच्यांना कळतं की फिटचं औषध नियमित घ्यायचं, औषधांनी फिट आटोक्यात आल्या नाहीत तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा, आणि आज रात्री जीव मुठीत धरून झोपायचं कारण नाही.

मग चिठ्ठीवर काय असावं? फिट पहिल्यांदा कधी आली, झटका कुठल्या हातापायातून सुरू झाला, आधी क्षय झाला होता का, रक्तदाब आहे का, घरात आणखी कुणाला फिट किंवा तरुणपणी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, आणि शेवटी एक स्पष्ट वाक्य: ‘वाहिन्यांची विकृती शोधायची आहे, एसडब्ल्यूआय आणि अँजिओग्राफी घ्यावी’. गावातल्या डॉक्टरकडून ही अपेक्षा जास्त आहे, असं कुणी म्हणेल. पद्धतींची नावं त्यानं पाठ करावीत असा आग्रह नाही. ती निवडणं क्ष-किरणतज्ज्ञाचंच काम आहे. पण झटका डाव्या हातातून सुरू झाला हे आष्टीतल्या डॉक्टरलाच आणि रुग्णाच्या आईलाच माहीत असतं. ते संभाजीनगरला पोचेपर्यंत वाटेत गळतं. चार ओळी लिहायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत.

त्याच चिठ्ठीवर आणखी एक प्रश्न हवा, आणि जालना जिल्ह्यात तो विशेष महत्त्वाचा आहे. जालना ही सळ्या बनवणाऱ्या पोलाद कारखान्यांची जागा. खेड्यांतली पुष्कळ तरुण मुलं तिथं किंवा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात काम करतात. डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे एमआरआयआधी विचारलंच पाहिजे, कारण चुंबकाच्या ओढीनं तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. पेसमेकर, जुन्या शस्त्रक्रियेतल्या धातूच्या क्लिपा यांचंही तसंच. हे चुंबक चोवीस तास चालू असतं. तपासणी संपली म्हणून ते बंद होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि त्यात एका नातेवाइकाचा जीव गेला. बरोबर आलेल्या माणसालाही हे आधी, मराठीतून, समजावून सांगायला हवं.

राहिली यंत्राची ताकद आणि पैसा. ३ टेस्लाच्या यंत्रावर एसडब्ल्यूआय अधिक तीव्र आणि बारीक येतं, हे खरं. पण योग्य पद्धती लावलेला १.५ टेस्लाचा एमआरआय हा त्या न लावलेल्या ३ टेस्लापेक्षा या आजारांत केव्हाही सरस, आणि एसडब्ल्यूआय घ्यायला जादा वेळ लागतो तो काही मिनिटांचा. राज्याची आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा जालना त्यांत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सगळीकडे लागू झाली आणि आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावानं तिचं संरक्षण ५ लाखांपर्यंत आहे. तिचा रोख मात्र दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. रोगनिदानासाठी बाहेरच्या बाहेर काढलेल्या एमआरआयचं ओझं बहुधा घरावरच पडतं, आणि माझ्या मते धोरणात सर्वांत आधी दुरुस्त करण्याजोगी गोष्ट ती आहे. निदानाविना उपचारांचं संरक्षण अर्धंच राहतं. जालन्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. तिथं अशा रुग्णांसाठी एक ठरलेला तपासणीक्रम बसवता आला, तर परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतल्या कित्येकांचा पुढचा साठ किलोमीटरचा फेरा वाचेल. पवईत आयआयटीच्या आवारात मुख्यालय असलेली ‘समीर’ ही सरकारी संस्था १.५ टेस्लाचं देशी यंत्र विकसित करते आहे आणि त्याच्या चाचणीसाठी तिनं २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सशी करार केला. तालुक्याच्या पातळीवर एमआरआय पोचायचा तर अशाच प्रयत्नांतून पोचेल.

तोवर घरच्यांच्या हातात असलेलं एक काम आहे. तपासणीनंतर फिल्म आणि छापील अहवाल मिळतो; त्यासोबत सीडी किंवा पेनड्राइव्हवर सगळी मूळ चित्रं मागून घ्यावीत आणि जपावीत. फिल्मवर निवडक काप असतात. फेज चित्रं आणि एसडब्ल्यूआयची पूर्ण मालिका तिच्यावर सहसा नसते. कॅव्हर्नोमा वाढला का, नवा डाग पडला का, गॅमा नाइफ या किरणोपचारानंतर दोन-तीन वर्षांत एव्हीएम हळूहळू बंद झाला का, हे ठरतं ते जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून. तेव्हा पहिलं चित्र हाताशी नसेल तर तज्ज्ञालाही पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.